खोलीत मांडलेलं अंगण

राउनोच्या डाव्या कानाला ऐकू यायचं नाही, आणि उजव्याला जे यायचं त्यावर त्याचा विश्वास नव्हता.

कोर्पिवारा गावच्या मातीच्या रस्त्यांवर त्याने जन्मभर रस्ता घासायचं यंत्र चालवलं. बर्फ वितळलं की रस्त्याला खड्डे पडणार, राउनो ते घासून सपाट करणार, पाऊस ते परत पाडणार, राउनो परत घासणार. असा त्याचा आणि रस्त्याचा संसार. यंत्र कायम डाव्या कानाशी गुरगुरत असायचं. तो कान एक दिवस कंटाळून बंद पडला. राउनोला ते कळलंसुद्धा फार उशिरा. बायको जेवायला हाका मारून थकली आणि ताट घेऊन उजवीकडे येऊन उभी राहिली, तेव्हा.

बायको सायमी. तिचे कान मात्र असे की तळ्यापलीकडे कुणी दार लावलं तर ते दार कुणाचं, आणि रागाने लागलं का वाऱ्याने, हे ती बटाटे सोलता सोलता सांगायची. तेव्हा घरातलं ऐकायचं काम तिच्याकडे आणि मान हलवायचं राउनोकडे. संध्याकाळी दोघं घराच्या पायऱ्यांवर बसत.

"क्रौंच आले," सायमी सांगायची.

"हं."

"आभाळातली शेळी आली."

"हं."

आभाळातली शेळी म्हणजे शेळी नव्हे. दलदलीतला लांब चोचीचा एक पक्षी आहे. वरून खाली झेपावताना शेपटीची पिसं अशी थरथरवतो की आभाळात करडू ओरडतंय असं वाटावं. सायमीचा तो भारी लाडका. "एवढासा जीव, आणि ढुंगणाने गातो. कौतुक नको का करायला?" म्हणायची. राउनोने तो कधी ऐकला नव्हता. पण सायमी ऐकते म्हणजे तो आहे, एवढं त्याला पुरायचं.

त्या वसंतात सायमी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. तिथं नेमकं बर्फ उरलं होतं आणि राखेची बादली भरलेली शेजारीच होती. पाय घसरू नये म्हणून बर्फावर राख टाकायचं काम राउनोचं. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी खुबा जोडला आणि तिला शहरातल्या शुश्रूषाघरात पाठवलं, चालायला शिकायला.

तिथल्या लोकांनी अट घातली ती साधी होती. राउनोच्या घराला चार पायऱ्या. सायमीने त्या आपल्या पायांनी चढायच्या. रानातल्या लाल बेऱ्या पिकायच्या आत हे जमलं तर घरी जा, नाही जमलं तर ही खोली कायमची तुमची. खोली चांगली होती हो. खिडकी मोठी, पलंगाला बटण, बटण दाबलं की पाय वर. सायमीला त्या पलंगाकडे पाहूनच रडू यायचं.

कारण तिला झोप येत नव्हती. रात्रभर टक्क जागी, आणि सकाळी व्यायामाला नेलं की कठड्याला धरून उभ्या उभ्या पेंगायची. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि डोळे मिटायचे. व्यायाम घेणारा मुलगा बिचारा तिला दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, जत्रेत हरवलेलं सामान सापडल्यासारखा.

राउनो बसने भेटायला गेला, तेव्हा सायमी त्याच्या उजव्या बाजूला सरकून म्हणाली, "इथं काहीच ओरडत नाही रे. भिंतीत एक पंखा घूं घूं करतो, बस. घरी दलदल ओरडते, तळं ओरडतं, तेव्हा मला कळतं सगळं जागच्या जागी आहे, आता झोपावं. इथं मी कुणाच्या भरवशावर झोपू?"

राउनो म्हणाला, "हं."

पण या वेळचं हं वेगळं होतं. येताना तो वाचनालयात शिरला.

शहरातल्या वाचनालयात पुस्तकं मिळतात तशी बर्फावर घसरायच्या फळ्या मिळतात, शिवणयंत्र मिळतं, ढोल मिळतो. माइकही मिळतात. टेबलापाशी वीरा नावाची पोर बसली होती, नाकात चमकी. राउनोने तिला सांगितलं, मला माझं अंगण इथं आणायचंय.

वीराने जराही आश्चर्य दाखवलं नाही. तिने समजावलं, "एका माइकने काय ओरडतंय ते कळेल. पण कुठून ओरडतंय ते कळायला पुष्कळ माइक लागतात. एक तळ्याकाठी, एक झाडापाशी, असे लांब लांब ठेवायचे. मग जेवढे माइक तेवढे स्पीकर, आणि खोलीत ते तसेच मांडायचे. मधे बसणाऱ्याला वाटतं आपण तिथंच आहोत. किती देऊ?"

"किती आहेत?"

"सगळे नेणार?"

"अंगण मोठं आहे," राउनो म्हणाला.

सगळे दिले तिने. वर प्रत्येक माइकला एक केसाळ टोपडं दिलं, वारा लागू नये म्हणून. राउनो ती खोकी घेऊन बसमध्ये चढला तेव्हा ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ससे जिवंत आहेत का?"

शेजारीण केर्त्तू त्याच्या मदतीला आली. ही विधवा बाई, सायमीची बालमैत्रीण, राउनोच्या उजव्या कानाशी बोलायची कला अवगत असलेली दुसरी एकटीच. दोघांनी मिळून एक माइक तळ्याच्या धक्क्यावर लावला, एक सौनाच्या मागे, एक मोठ्या भूर्जाच्या झाडावर, एक बटाट्याच्या वाफ्यात, एक दलदलीच्या तोंडाशी. उरलेले कुंपणाला. कोणता कुठला ते कळावं म्हणून केर्त्तूने प्रत्येकाला वेगळ्या रंगाची लोकर बांधली. संध्याकाळी राउनोने बटण दाबलं आणि दोघं घरात जाऊन खिडकीतून अंगणाकडे बघत बसले, दूध उतू जातंय का बघावं तसे.

"आता काय ओरडतंय?" राउनोने विचारलं.

"मला काय माहीत, खिडकी बंद आहे," केर्त्तू म्हणाली.

राउनोने पुढच्या बसने ते अंगण शहरात नेलं. सायमीच्या खोलीत स्पीकर मांडायला अर्धा दिवस गेला. सायमी पलंगावरून हुकूम सोडत होती, "सौना कपाटाकडे! भूर्ज खिडकीत घे. अरे, तळं कुठं नेतोयस? तळं संडासात गेलं, राउनो!"

"वायर तेवढीच पोचते."

"मग पलंग फिरव. तळ्याकडे पाय करून मी कधी झोपले होते?"

पलंग भिंतीला अडेपर्यंत फिरवला, तरी तळं डोक्याशी नाही, कुशीला आलं. संडासाचं दार उघडं ठेवलं, तळं मोकळं राहावं म्हणून. बटण दाबलं. आणि खोलीत पहिल्यांदा जे आलं ते म्हणजे डास.

एकच होता. पण तो भूर्जावरच्या माइकच्या टोपड्यावर येऊन बसला होता आणि तिथंच त्याने मुक्काम केला होता. माइकला तो केवढा वाटला असेल! खोलीत आला तो गाभण गाईएवढा डास. सायमीने स्वतःच्या गालावर चापट मारली. समोरच्या खोलीतल्या लेम्पीबाईंनी मारली, त्या एके काळी पोस्ट सांभाळायच्या. तिसऱ्या दारातल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला मारली आणि त्यावरून त्यांचं वाजलं. मार्युत नावाची परिचारिका गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर चढली आणि छताला बदडत सुटली.

"मार्युत, अहो, तो खिडकीतल्या डब्यात आहे," सायमी म्हणाली.

"डब्यात असू दे नाहीतर कुठं, मला चावला तो!" मार्युत म्हणाली, आणि हात दाखवला. हाताला खरंच गांधी आली होती.

त्यात कोपऱ्यातला दलदलीचा स्पीकर धापा टाकायला लागला. हाफ-हाफ, चप-चप, मग माती उकरल्याचा आवाज, मग धप्प, मग सगळं गुडूप. शेजारच्या ताइस्तोचा कुत्रा मुस्ती, त्याने तो माइक ससा म्हणून पळवला होता आणि पुरला होता. त्यापुढे रात्र संपेपर्यंत त्या कोपऱ्यातून जमिनीच्या आतला आवाज येत होता. लेम्पीबाई दारात येऊन ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या यजमानांना तिथं असंच वाटत असेल."

सायमी त्या रात्रीही झोपली नाही. खाजवत बसली. सकाळी व्यायामाच्या कठड्याला टेकून घोरली.

राउनो गावात परतला आणि आधी ताइस्तोकडे गेला. ताइस्तो म्हणजे त्याच्या रस्त्यापलीकडचा शेतकरी, गुडघे वाजणारा, ट्रॅक्टरवरून सहसा न उतरणारा. राउनोने सांगितलं, तुझ्या कुत्र्याने माइक पुरला, तो काढ, आणि जरा सांभाळून घे, सायमीसाठी आवाज भरतोय.

एवढंच म्हणाला तो. पण कोर्पिवारातल्या माणसांना थोडं सांगितलं की ती फार ऐकतात. कुणाला आपला त्रास होऊ नये, याची इथं लोकांना इतकी काळजी, की समोरून कुणी जात असेल तर माणूस आपल्याच घरातून बाहेर पडत नाही, दाराआड उभा राहतो. ताइस्तोने मुस्तीला बहिणीकडे नेऊन ठेवलं. ट्रॅक्टर बंद केला आणि गवत विळ्याने कापायला लागला, मग विळाही करकरतो म्हणून गवत तसंच ठेवलं. केर्त्तूने कोंबडा टोपलीखाली झाकला. धक्क्यावर गोधड्या धुणाऱ्या बायकांनी गोधड्या भिजत घातल्या त्या घातल्याच. बातमी तळ्याभोवती फिरली. माणसं सायकली हातात धरून चालायला लागली. एकाने घराच्या बिजागऱ्यांना लोणी लावलं.

आता आवाज आला तो कसा? धुतल्यासारखा. कुक्कू, क्रौंच, तळ्यातला रडका पाणपक्षी, कस्तूर, आणि डोक्यावर आभाळातली शेळी, एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत जाणारी. वीराने वाचनालयात कान लावून ऐकलं आणि म्हणाली, अशी स्वच्छ अंगणं मिळत नाहीत.

शुश्रूषाघरातले सगळे डोळे मिटून ऐकत राहिले. लेम्पीबाईंनी शेळीला पलंगाखाली शोधलं, मग झोपल्या. अख्खा मजला घोरत होता. जागी एकटी सायमी.

ती विचार करत होती, ट्रॅक्टर कुठे आहे? ताइस्तो मेला असेल. कुत्रा नाही, म्हणजे मेलाच, कुणीतरी नेलं कुत्र्याला. केर्त्तूचा कोंबडा नाही. धक्क्यावर कुणी नाही. अख्ख्या गावात पक्षी सोडून कुणी राहिलं नाही, आणि राउनो माझ्यापासून लपवतोय.

दुसऱ्या संध्याकाळी तिने केर्त्तूला फोन लावला. तेव्हा नेमका राउनो आणखी एक संध्याकाळ भरत होता, आणि केर्त्तू मोरीत दार लावून बसली होती. तिने फोन उचलला आणि श्वासाहून हळू आवाजात म्हणाली, "मी... आहे..."

"केर्त्तू? तुला काय झालंय ग?"

"बोलता... येत नाही..."

"देवा रे! आणि ताइस्तो?"

"तो... पडून आहे..."

होताच पडून. गवत कापायचं नाही, ट्रॅक्टर चालवायचा नाही, मग माणूस पडून राहणार नाही तर काय करणार! सायमीने फोन ठेवला आणि मार्युतला सांगितलं की मला काळे कपडे लागतील.

राउनो येईपर्यंत ती पार वाळली होती. राउनोने शपथेवर सांगितलं, सगळे ठणठणीत आहेत, सगळे फक्त गप्प आहेत.

"गप्प तर आयुष्यभर होते. पण ऐकू यायचे!" सायमी म्हणाली. "मला पक्षी नकोत नुसते. पक्षी इथंही असतात, चिमण्या आहेत बाहेर. मला गाव हवंय. तोपर्यंत माझा डोळा लागायचा नाही, आणि डोळा लागला नाही तर पायरी चढायची नाही. आणि राउनो, बेऱ्यांना रंग आलाय का?"

"एका बाजूने," राउनो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

तेव्हा राउनोने गावाला सांगितलं, आवाज करा. आणि गावाला ते काही करता येईना.

ताइस्तोने ट्रॅक्टर काढला, पण मागून प्रेतयात्रा येतेय अशा बेताने चालवला, आणि माइकजवळून जाताना टोपी काढली. मुस्तीला बहिणीकडून परत आणलं, तर तो रुसला होता, भुंकेना. केर्त्तूने कोंबड्यावरची टोपली काढली. कोंबडा इतके दिवस अंधारात राहून आरवायची वेळ विसरला होता. बायकांनी धक्क्यावर गोधड्या घासल्या, पण एकमेकींकडे न बघता, चोरी केल्यासारख्या. बोलायचं म्हणाल तर छे! माइक ऐकतोय हे माहीत असताना कोण बोलणार? लोक काय म्हणतील?

शेवटी केर्त्तूने ठरवलं, आता तालकोतच करायची. कुणाचं छप्पर घालायचं असेल, विहीर उपसायची असेल, तर सारं गाव मिळून ते काम करतं आणि घरधनी वाटाण्याचं सूप नि कॉफी देतो, ती तालकोत. कामाला कुणी नाही म्हणत नाही. काम काय, तर राउनोच्या अंगणात येऊन आवाज करायचा.

संध्याकाळी गाव आलं. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले, बायकांनी गोड पाव आणले, कुणी उगाच फावडं आणलं. तालकोतीला मोकळ्या हाताने यायचं कसं? राउनोने बटण दाबलं आणि हात वर केला.

कुणी बोलेना.

सूप वाढलं. गाव सूप प्यालं. कॉफी झाली. ताइस्तो उठला, सगळ्यांना वाटलं आता हा बोलणार. त्याने खुर्ची जरा सावलीत घेतली आणि परत बसला. केर्त्तूने घसा खाकरला, आणि माइककडे पाहून लाजली. क्रौंच ओरडले, तळ्यातला पक्षी रडला, आभाळातली शेळी येऊन गेली, तीही जरा दबकूनच. राउनो सौनाच्या मागे उभा राहून मान हलवत होता, बोला, बोला. माणसं परत त्याला मान हलवून दाखवत होती. मधेच ताइस्तोने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पलीकडच्या कुणीतरी तोंड उघडलं, म्हणून दोघांनीही एकमेकांना संधी दिली आणि दोन्ही तोंडं मिटली.

डासांनी गावाला फोडून काढलं. एकानेही चापट मारली नाही.

बऱ्याच वेळाने केर्त्तू म्हणाली, "बरं तर."

इथं "बरं तर" म्हटलं की कार्यक्रम संपतो, मग तो लग्नाचा असो की मयताचा. सगळे उठले, खुर्च्या उचलल्या, राउनोचा हात हातात घेतला आणि गेले. जाताना ताइस्तो त्याच्या डाव्या कानात म्हणाला, "छान झाली तालकोत." ते त्याला ऐकू आलं नाही.

राउनो त्या रात्री घरात शिरलाच नाही. पायरीवर बसून राहिला. त्या चार पायऱ्या, रोजच्या, पाय पुसायच्या. त्याला त्या पहिल्यांदाच उंच दिसल्या. माइक वाचनालयाला परत द्यायची वेळ झाली होती, बेऱ्या दुसऱ्या बाजूनेही लाल व्हायला लागल्या होत्या, आणि त्याच्यापाशी होतं काय? अख्ख्या गावाचं गप्प बसणं, सगळ्या बाजूंनी भरलेलं.

तरी नेलं. सायमीला खोटं सांगण्यापेक्षा ऐकवणं सोपं होतं. स्पीकर मांडले, तळ्याचं दार उघडलं, बटण दाबलं, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सायमीने डोळे मिटून कान दिला. मग म्हणाली, "ताइस्तो बसला."

राउनोने वळून पाहिलं.

"गुडघा वाजला ना! आधी उजवा, मग डावा. पाऊस येणार असला की उलटं वाजतात." ती कोपरावर उठून बसली. "ही केर्त्तू. साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी पितेय. किती वेळा सांगितलं, कवळी झिजते. आणि हा कोण? खुर्चीत बसलाय पण सगळा बसलेला नाही, हा विहिरीकडचा पेंट्टी, त्याला गळू झालंय का परत?"

"झालंय," राउनो म्हणाला. थक्क झाला होता तो.

"आणि पावात वेलची कमी आहे."

"हे कसं ऐकलंस?"

"दुसरा पाव कुणी उचलत नाहीये." सायमी हसली. कपाटाच्या बाजूला कान करून म्हणाली, "आणि हा सौनाच्या मागे उभा राहून मान खाजवतोय, तो तू. मान हलवतोयस. तुझ्या कॉलरचा आवाज येतो. किती रे बावळट माणसं ही! बोला म्हटलं तर कशी बसलीयेत!"

ती एकेकाचं गप्प बसणं ओळखत गेली. रागातलं गप्प, लाजेतलं गप्प, सूप आवडलं नाही पण सांगवत नाही ते गप्प. मग तिची वाक्यं आखूड होत गेली. केर्त्तूने घसा खाकरला तोवर सायमी झोपली होती.

"बरं तर" तिने ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढेही नाही. रोज म्हणायची, आज कोण आधी उठतं ते बघणार आहे, आणि रोज पेंट्टीच्या गळवापाशी तिचा डोळा लागायचा.

माइक परत गेले, स्पीकर मात्र वीराने राहू दिले. आणि शुश्रूषाघरात भलतंच सुरू झालं. संध्याकाळी लेम्पीबाई आपली खुर्ची आणि कप घेऊन दारात यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कपाटाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "इथं कुणी बसलंय का?"

"ताइस्तो बसलाय. जरा पलीकडे बसा," सायमी म्हणाली.

त्या पलीकडे बसल्या. मग ते भांडलेले दोघे आले. मग तो मजलाच आला. सगळे आपापले कप घेऊन कोर्पिवाराच्या तालकोतीत गप्प बसायचे. कुणी उगाच काठीऐवजी फावडं मागितलं. मार्युत औषधं द्यायला यायची ती बटाट्याच्या वाफ्याला वळसा घालून, आणि संडासाला जाणारा प्रत्येक जण पाय भिजू नयेत म्हणून चपला हातात घ्यायचा.

झोपेने सायमीच्या अंगात जोर आला. कठड्याशी ती जागी राहायला लागली. व्यायाम घेणाऱ्या मुलाने सरावाच्या पायऱ्या आणल्या, तिने त्यातल्या दोन चढल्या, मग तीन. चौथीला पाय उचलायचा आणि थांबायचा.

"ही पायरी आमची नाही," ती म्हणायची. "हिच्यात आवाज नाही."

ठरवणाऱ्या लोकांना ते पटेना. पायरी ती पायरी, म्हणाले. बरीच चर्चा झाली. शेवटी मार्युतच म्हणाली, "मग तिच्याच पायऱ्यांवर बघू या की. जमलं तर राहील, नाही तर मी परत घेऊन येते." आणि गाडीत घालून तिला कोर्पिवाराला आणलं. गाडी गावात शिरली तेव्हा रस्त्याकडेच्या बेऱ्या लाल होत आल्या होत्या, पार पिकायच्याच काय त्या बाकी.

अंगणात गाव उभं होतं. माइक एकही नव्हता. तरी कुणी बोलेना. मार्युतने इकडं तिकडं पाहिलं आणि सवयीने बटाट्याच्या वाफ्याला वळसा घातला. इथं तो खरा होता म्हणून बरं झालं.

सायमी पायऱ्यांशी उभी राहिली. पहिली पायरी करकरली. दुसरी करकरली, तिचा आवाज खालच्या पट्टीतला, तो तिला पाठ होता. तिसरीवर राउनोने राख पसरून ठेवली होती, भर उन्हाळ्यात, बोटभर जाड. सायमीने ती राख पाहिली, राउनोकडे पाहिलं, आणि राखेत पाय रोवून उभी राहिली. मग चौथी. पाय उचलला आणि थांबला.

गावाने श्वास धरला. इतकी माणसं, आणि एवढं गप्प की पानं ऐकू यावीत. आणि त्या गप्पपणात ताइस्तोचा गुडघा वाजला. आधी डावा, मग उजवा.

"पाऊस येणार," सायमी म्हणाली, आणि वर पोचली.

कुणी टाळी वाजवली नाही. केर्त्तूने नाक पुसलं. मुस्ती एकदाच भुंकला. सायमी दारात उभी राहून सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली, आणि मग तीच म्हणाली, "बरं तर."

सगळे आपापल्या घरी गेले. मार्युत गाडीत बसून आधी डोळे पुसत होती, मग निघाली. शुश्रूषाघरात ते भरलेलं अंगण अजून लावतात म्हणे. लेम्पीबाई आता ताइस्तोच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतात.

रात्री सायमी आपल्या पलंगावर पडली. दलदल ओरडत होती, तळं ओरडत होतं. पाऊस पडून गेला होता. राउनो निजला होता, चांगला कान उशीत.

"राउनो," तिने त्याला हलवलं. "अरे, शेळी चुकीच्या बाजूने जातेय."

"हं?"

"तिथं कपाटातून निघायची आणि खिडकीत जायची. इथं उलटी जातेय. आणि तळं डोक्याशी आहे. मला झोप नाही येत."

राउनो उठला. त्याने पलंग धरला, सायमीसकट, आणि फिरवायला लागला. एकदा तळ्याकडे, एकदा भूर्जाकडे. सायमी वरून सांगत होती, थोडा अजून, अजून, सौना इकडे येऊ दे. शेवटी पलंग दारात अडकला, डोक्याची बाजू खोलीत आणि पायांची ओसरीवर.

"बस्स," सायमी म्हणाली. "आता बरोबर आहे."

राउनो तिच्याजवळ पडला, पाय बाहेर ओल्या हवेत. उजवा कान वर ठेवला.

"आता काय ओरडतंय?"

"क्रौंच," सायमी म्हणाली. "शेळी. आणि ताइस्तोच्या घरचं दार. वाऱ्याने लागलं."

"हं," राउनो म्हणाला.